घरच्या मशीनवर दर वेळी वेगळं बीपी, कुठला आकडा धरायचा?

गंगापूररोडकर: आई 68 वर्षांची. डिजिटल मशीनवर सकाळी चहानंतर 156/90, पाच मिनिटांनी 142/84, संध्याकाळी 134/80. डॉक्टरांना आठवड्याची नोंद हवी आहे. मशीन बिघडलंय का?

सिस्टर_पंचवटी: इतक्यात मशीनला दोष देऊ नका. चहा, तंबाखू, चालणं यानंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन आल्यावर खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसवा, पावलं जमिनीवर सपाट. पलंगावर मांडी घालून किंवा पाय लोंबकळत ठेवून मोजलं की आकडा चढतो. बोलल्यानेही चढतो, म्हणून "किती आलं?" हे नंतर विचारा!

सगळ्यात जास्त चूक हाताची होते. हात मांडीवर ठेवला की दंड हृदयाच्या खाली जातो, आणि दर 10 सेंटिमीटरला 7-8 अंक उगाच वाढतात. टेबलावर उशी ठेवून पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला आणा. हात अधांतरी धरायला लावू नका.

सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी, संध्याकाळी जेवणाआधी. दर वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा. चांगला तेवढाच लिहिला तर नोंद फुकट. पहिला दिवस सोडून उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढा. घरी 135/85 किंवा जास्त म्हणजे वाढलेलं. दवाखान्यातली 140/90 ची रेघ इथे लावू नका.

मेडिकल_सिडको: दंडाचा घेर मोजलात का? खांदा आणि कोपर यांच्या मधोमध शिंप्याची टेप लावा. मशीनसोबतचा पट्टा बहुधा 22 ते 32 सेंटिमीटरचा असतो. लहान पट्टा आकडा वाढवून दाखवतो, फार मोठा कमी. खालची कड कोपराच्या खळगीपासून दोन बोटं वर हवी.

आणि नाशिकच्या थंडीत स्वेटरची बाही वर सरकवून मोजू नका. गुंडाळी दंड आवळते. बाहीतून हात बाहेर काढा, अंगावर शाल असू द्या. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, त्यानेही बीपी चढतं.

गंगापूररोडकर: घेर 34 निघाला, पट्टा 22-32 चा!

मेडिकल_सिडको: मग त्याच मॉडेलला चालणारा मोठा पट्टा घ्या, दुसऱ्या कंपनीचा जोडू नका. आधीचे आकडे नोंदीत धरू नका, गोळ्याही स्वतःहून बदलू नका.

सिस्टर_पंचवटी: नव्या पट्ट्याने पहिल्या दिवशी दोन्ही हात मोजा, ज्यात जास्त येईल तोच पुढे कायम ठेवा. ठोके अनियमित असल्याची खूण वारंवार दिसली तर डॉक्टरांना सांगा. 180/120 च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं असेल तर पुन्हा मोजत बसू नका, 108 लावा.