मदत हवी आहे: माक्याचे तेल आणि मलम

ओलसर जागी आपोआप उगवणारा पांढऱ्या फुलांचा माका मी गोळा केला आहे. समोरासमोर येणारी खरखरीत पाने आणि चुरगळल्यावर काही वेळात काळपट पडणारा रस, या दोन्ही खुणा जुळतात आणि फुलेही पांढरी असल्याने पिवळ्या फुलांच्या पिवळ्या माक्याशी गल्लत झालेली नाही. त्यापासून केसांसाठी तेल आणि कोरड्या त्वचेसाठी मलम करायचे आहे.

अडचण पाण्याची आहे. ताजा रस तिळाच्या तेलात मंद आचेवर आटवताना तडतड थांबली आणि तळाच्या गाळाची बोटांत वात वळता येऊ लागली, की पाणी उडाले असे समजतात. परंतु इतका वेळ तापवल्याने पाल्याचे गुण कमी होतात का, की पाला सावलीत कडकडीत वाळवून तेलात मुरवणेच बरे? माझा कल दुसऱ्या पद्धतीकडे आहे, कारण ओलावा राहिला तर तेल टिकत नाही. (हिरवा रंग फिका पडला तरी माझी हरकत नाही.)

मलमासाठी वजनाने ४ भाग तेलाला १ भाग मधमाश्यांचे मेण घेतल्यास ते फार घट्ट होईल का? मनगटाच्या आतल्या बाजूस लावून २४ तास थांबणे ॲलर्जीच्या चाचणीसाठी पुरेसे आहे का, हेही अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.