पहिलं कॉमिक कुणाच्या हातून मिळालं? (आणि हल्लीच्या सुपरहिरोंबद्दल काय ते बोला)

सुतळी
परवा घरी लेकीबरोबर जेम्स गनचा 'सुपरमॅन' दुसऱ्यांदा पाहिला. त्यात क्लार्कचे गावाकडचे आईबाप त्याच्याशी फोनवर बोलतात तो प्रसंग आहे ना? स्पीकर चालू, दोघं एकदम बोलतायत, आवाज असा की फोन नसता तरी चाललं असतं. लेक म्हणाली, "आजी-आजोबा!" मी हसलो, पण डोक्यात भलतंच सुरू झालं. याच आजोबांनी माझी सगळी इंद्रजाल कॉमिक्स सुतळीने बांधून रद्दीत घातली होती. 1987. साडेचार किलो. वजन पाठ आहे, कारण गठ्ठा काट्यावर ठेवायला मलाच लावलं होतं.

कराडला एसटी स्टँडाबाहेर एक काका पुस्तकं भाड्याने द्यायचे. इंद्रजाल दिवसाला 10 पैसे, तिथेच स्टुलावर बसून वाचलं तर 5. माझ्या हाती पडलेल्या पहिल्या वेताळाला (म्हणजे इंग्रजीतला फँटम) शेवटची दोन पानं नव्हती. वेताळ गुहेत, बाहेर चाचे, दोन्ही हातांत पिस्तुलं, आणि मग थेट काकांचा रबरी शिक्का. वर्गातला एक जण म्हणाला मी वाचलंय, शेवट सांगतो, पण डबा दे. डब्यात त्या दिवशी नेमकी साटोरी होती. दिली. त्याने सांगितलं की वेताळ मागच्या धबधब्यातून गुपचूप निघतो, चाच्यांच्याच होडीत जाऊन अंधारात बसतो, आणि ते दमून परत येतात तेव्हा स्वतः वल्ही मारत त्यांना थेट तुरुंगाच्या धक्क्याला नेऊन लावतो.

गेल्या वर्षी ते कॉमिक पूर्ण वाचायला मिळालं. शेवट काय, तर दोन ठोसे, जबड्यावर कवटीचा ठसा, संपलं. गड्याने मला चक्क बनवलं होतं. पण त्याचा शेवट शंभर पट भारी होता.

म्हणून माझं म्हणणं असं, की हल्लीच्या सिनेमांना ती दोन पानं फाटलेली असण्याची सोयच नाही. शेवटचा अर्धा तास मी डोळे मिटून सांगतो. आकाशात भोक नाहीतर जमिनीला भेग, इमारती आडव्या. नव्या सुपरमॅनमध्येही शहर फाटतंच (कुत्रा मात्र बेस्ट). त्यामानाने कॉमिकवाले अजून चकवतात. 'अॅब्सोल्यूट बॅटमॅन' कुणी वाचतंय का? ब्रूस वेन गरीब! वाडा नाही, इस्टेट नाही, बांधकामातला इंजिनियर आणि आई जिवंत. स्कॉट स्नायडरने बॅटमॅनचा पैसाच काढून घेतला आणि तरी तो बॅटमॅनच वाटतो. नोव्हेंबर 2025 चा ग्रँट मॉरिसनचा बॅटमॅन-डेडपूलही वाचायचाय.

लिहा तुमचं. सिनेमावर भांडलात तरी चालेल.

पाटावरवंटा
रुमाल टाकून ठेवते. मटण गॅसवर आहे.

अकोल्याचा_ऊन
आमच्याकडे इंद्रजाल-फिंद्रजाल कोणी पाहिलंच नाही भाऊ. राज कॉमिक्स, तेही हिंदीतून. नागराज, सुपर कमांडो ध्रुव, डोगा. ध्रुवजवळ शक्ती-बिक्ती काही नाही, डोकं, मोटरसायकल अन् पक्ष्या-प्राण्यांशी बोलता येणं, बस. मी उन्हाळाभर चिमण्यांशी बोलून पाहिलं, एकीनं भाव नाही दिला.

अन् डोगाचे गुरू आठवतात का कोणाला? अदरक चाचा, हल्दी चाचा, धनिया चाचा, कालीमिर्च चाचा. मी मोठ्यानं वाचायचो. आजीला वाटे पोरगा स्वयंपाकाचं पुस्तक वाचून राहिला. लय खूश होती ती.

टिंगलवाडी
हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! लसूण चाचा कुठे गेला? की डोगा चातुर्मासात वाचायचात?

अकोल्याचा_ऊन
लसूण चाचा व्हिलन असंल 😂

मुद्रितशोधक
सुतळी, तुमच्या मित्राचा शेवट भारी असण्याला कारण आहे. इंद्रजाल मार्च 1964 मध्ये टाइम्स समूहाने सुरू केलं, इंग्रजी, हिंदी आणि मराठीत. मूळ कथा ली फॉकच्या, वर्तमानपत्रात रोज तीन-चार चौकटी अशा महिनोन्महिने चालणाऱ्या. त्या इंद्रजालच्या ठरलेल्या पानांत बसवायच्या म्हणजे कात्री आलीच. शेवटाकडे घाई होणार नाही तर काय. म्हणजे तुमच्या हातात आलेला 'पूर्ण' अंकही पूर्ण नसू शकतो.

जाता जाता, 1976 पासून त्यात आपला देशी बहादूरही होता, आबिद सुरतींचा. भगवा कुडता आणि जीन्स. त्याची आठवण कुणी काढत नाही. 1990 ला सगळंच बंद पडलं.

सुतळी
मुद्रितशोधक, म्हणजे धबधबा खरा असू शकतो? साटोरी वसूल झाली म्हणायची!

झोपमोड
बाळ 5 महिन्यांचं आहे, एका हाताने टाइप करतेय. 'फँटास्टिक फोर' नवऱ्याने पाहायला लावला. स्यू बाई अवकाशयानात बाळंत होते, मागे चांदीची बाई पाठलाग करतेय, यान हलतंय, आणि नवरा बाजूला गणितं करतोय. थेटरात सगळे श्वास रोखून. मी एकटी म्हणतेय, अगं तिला पाणी द्या कुणीतरी.

पण खरं सांगू? आवडला. साठच्या दशकातलं ते सगळं फर्निचर, त्या टीव्ही, निळे स्वेटर. आणि शेवटी ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टसपेक्षा मोठा प्रश्न बाळाला गाडीत सीटमध्ये कसं बसवायचं हा. जमत नाही त्यांना. जगातला सगळ्यात हुशार माणूस. आमच्याकडेही अगदी हेच

उठलं. नंतर लिहिते.

एडिसनकर
इथे अमेरिकेत बुधवार म्हणजे नव्या अंकांचा वार. दुकानदार माझ्या नावाचे अंक बाजूला काढून ठेवतो, आपल्याकडे पेपरवाल्याकडे दिवाळी अंक सांगून ठेवायचो तसं. बायको म्हणते 47 वर्षांचा माणूस पिशवी घेऊन कॉमिक आणायला जातो, भाजीला मात्र आठवण करावी लागते.

पण मला रडवलं ते 'अल्टिमेट स्पायडर-मॅन'ने. जोनाथन हिकमनचं लेखन, मार्को केक्केटोची चित्रं, जानेवारी 2024 पासून. यात पीटरला तरुणपणी काही झालेलंच नाही. नोकरी, दाढी, मेरी जेन, दोन पोरं. सगळं नीट चाललंय आणि तरी आपलं काहीतरी राहून गेलंय असं त्याला वाटत राहतं. आणि मग या वयात कोळी. बेन काका इथे जिवंत आहे, गेली आहे ती मे काकू. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून पहिला अंक वाचला, दूध वितळतंय (आइस्क्रीम म्हणायचं होतं) आणि मी बसलोय.

ही मालिका 24 व्या अंकाला संपवायची आणि ते अख्खं विश्वच एप्रिल 2026 ला गुंडाळायचं असं ठरलं. चांगलं चाललेलं वेळेत थांबवणं सिनेमावाल्यांना कधी जमणार?

वांद्रे_पूर्व
सिनेमावाल्यांचं काय घेऊन बसलात. आपल्याकडे सुपरमॅन-लोइसच्या चुंबनातले 33 सेकंद कापले. अख्खं महानगर उभं चिरतं ते पोरांनी बघायचं, ओठाला ओठ लागले की संस्कृती चिरते. 13+ दाखला देऊन वर कात्री! माझा 14 वर्षांचा मुलगा म्हणाला, "पप्पा, नेट गेलं का थेटरचं?"

टिंगलवाडी
मुद्रितशोधक म्हणतात तसं, पानांत बसत नसेल 😇 दिवे घ्या (हलकेच घ्या हो).

कोकणमेवा
धाग्याचा विषय नीट कळला नाही पण वेताळ म्हटल्यावर राहवेना. आमच्या घरी चांदोबा यायचा. त्यात विक्रम-वेताळ. मग मामाकडे इंद्रजाल बघितलं, त्यातही वेताळ. मी दुसरीत. मला वाटलं एकच माणूस. विक्रमाच्या खांद्यावर बसून बसून कंटाळला, जंगलात गेला, चड्डी घातली, घोडा घेतला. आणि राजाला गोष्टी सांगायचं सोडून आता हाणामारी करतो. मला फार वाईट वाटलेलं त्याचं. आमच्या गावात वेताळाचं देऊळ आहे ते वेगळंच, त्याला नारळ देतात. म्हणजे तीन झाले.

चांदोबातलं ते वेताळाचं चित्र काढणारे शंकर 2020 ला गेले. तलवार उपसून, खांद्यावर प्रेत टाकून चाललेला विक्रम. त्याच्या पायाखालच्या कवट्या मी मोजायचे.

पाटावरवंटा
आले. मटण झालं, लोक जेवतायत, तोवर लिहून घेते.

आमच्याकडे कॉमिक भावासाठी यायची. मुलींनी 'ते काय मारामाऱ्या वाचायच्या' असं. मग मी माळ्यावर. शिडी लावून, मिरच्यांच्या पोत्याला टेकून. त्यामुळे अजूनही जादूगार मँड्रेक म्हटलं की मला शिंका येतात. खरंच येतात. मँड्रेक नुसता हातवारे करायचा, सगळी कामं त्याचा जोडीदार लोथार करायचा. मी ठरवलं होतं लग्न करीन तर लोथारशी. झालं मँड्रेकशी. हातवारे भरपूर.

सिनेमे मी भाचीमुळे बघते. ती आता 'सुपरगर्ल'साठी थांबलीये, जून 2026. मूळ कॉमिक तिनेच वाचायला दिलं, टॉम किंगचं, चित्रं बिल्किस एव्हलीची. आठ अंक. एका लहान मुलीच्या बापाला मारलंय, तिला सूड हवाय, आणि गोष्ट ती मुलगीच सांगते, सुपरगर्ल नाही. भाषा जड आहे, जुन्या बखरीसारखी, पण चित्रं बघत राहावी. एकेका पानावर मी चहा थंड केला. सिनेमात हिचीच कुठे मारामारी वाढवू नका म्हणजे मिळवली.

सुतळी, साडेचार किलो ऐकून पोटात तुटलं हो.

झोपमोड
झोपलं. पाटावरवंटा, "झालं मँड्रेकशी" 😂😂 नवऱ्याला वाचून दाखवलं. तो हातवारे करत आत गेला.

नेपथ्य
2026 च्या डिसेंबरात मार्व्हलचा 'अव्हेंजर्स: डूम्सडे' येतोय आणि त्यात डॉक्टर डूम कोण, तर रॉबर्ट डाउनी ज्युनियर. म्हणजे आयर्न मॅन मेला, आपण रडलो, आता तोच मुखवटा लावून खलनायक. आमच्या गावच्या जत्रेच्या नाटकात हेच. पहिल्या अंकात इन्स्पेक्टर मेला की तोच गडी मिशी लावून तिसऱ्यात सावकार. माणसंच कमी. पब्लिक ओरडायचं, "अरे हा तर मेला होता!" मार्व्हलकडे पण माणसं कमी पडतायत का काय?

एडिसनकर
नेपथ्य, डूमचा मुखवटा फारसा निघत नाही कॉमिकात, मग डाउनी कशाला, कुणीही चाललं असतं. पण मी पहिल्या दिवशी जाणार हे लिहून घ्या.

दुपारची_झोप
मुलगा मुंबईच्या कॉमिक कॉनला गेला, कोण म्हणून गेला ते शेवटपर्यंत कळलं नाही. माझी जांभळी ओढणी, सासऱ्यांचा पट्टा, दोन प्लास्टिकची पिस्तुलं. सासरे (वय 78) खुर्चीतून उठले, म्हणाले, "अरे हा वेताळ!" मुलगा म्हणाला, "नाही आजोबा, हा अॅनिमेतला..." काहीतरी जपानी नाव. सासरे म्हणाले बरं बरं. पण फोटो मागवून घेतला आणि मित्रांच्या ग्रुपवर 'नातू वेताळ' म्हणून टाकला. 31 अंगठे आले. मुलाला अजून सांगितलेलं नाही.

मुद्रितशोधक
दुपारची_झोप, सासऱ्यांना 1996 चा 'द फँटम' दाखवा. बिली झेन, जांभळ्या घट्ट कपड्यांत. सिनेमा पडला होता, पण त्यात वेताळ वेताळासारखा दिसतो.

वांद्रे_पूर्व
पडायलाच हवा होता. घोडा चांगला होता.

ओगलेवाडी
कराडच्या त्या काकांकडे मीही जायचो. हिरवा शिक्का ना, लंबगोल? माझ्या वाट्याला आलेल्या अंकांना पहिली दोन पानं नसायची. कुणाशी काय भांडण झालंय हे कळायच्या आत वेताळ मारायला लागलेला असायचा. मी सुरुवात मनाने लावून घ्यायचो आणि धाकट्या बहिणीला तीच खरी म्हणून सांगायचो. डबा वगैरे नाही घेतला कधी, तो तुमचा दोस्त वेगळा.

सुतळी
ओगलेवाडी, हिरवाच! लंबगोल! म्हणजे सुरुवात तुम्ही लावायची, शेवट त्याने लावायचा, आणि मधलं ली फॉकचं.

पाटावरवंटा
त्या साटोरीत खवा होता की नुसता रवा-गूळ? कराडकडे कशी करतात?

सुतळी
आई खवा घालायची. पण तुम्हाला खरं सांगू का, त्या दिवशीची मी चाखलीच नाही.

दुपारची_झोप
आमच्याकडे खव्यात खसखस भाजून घालतात. तव्यावर मंद ठेवायची, नाहीतर फुटते.