जुन्या सिनेमांतली न बोललेली गुपितं: तुम्हाला कुठे जाणवली?

हॉलिवूडमध्ये १९३४ पासून हेज कोड, म्हणजे सिनेमात काय दाखवायचं नाही याचे नियम, कडकपणे लागू झाला, तो १९६८ मध्ये वयानुसार रेटिंग येईपर्यंत. लफडी, समलैंगिकता, काही उघड दाखवायची सोय नाही. तरी ते कळतंच! तुम्हाला कळलेली एखादी जागा लिहा. स्पॉइलर चालतील.

---

रेबेका, १९४०. घराची कारभारीण मिसेस डॅन्व्हर्स मालकाच्या नव्या बायकोला त्याच्या मेलेल्या पहिल्या बायकोच्या, रेबेकाच्या खोलीत नेते, फरकोट स्वतःच्या गालाला लावते मग हिच्या गालाला, आणि झिरझिरीत नाइटगाऊनमध्ये हात घालून म्हणते बघ कसा आरपार दिसतो. एवढंच, पण मेलेल्या मालकिणीवर ही बाई कसलं प्रेम करत होती ते मला तिथेच कळलं, अंगावर काटा आला. कादंबरीत नवरा रेबेकाला गोळी घालतो, सिनेमात मात्र ती पडून डोकं आपटून मरते, कारण खुनी सुटलेला कोडला चालायचा नाही.

---

कॅसाब्लांका! इल्सा रिकच्या खोलीत येते, पिस्तूल रोखते, रडते, किस, आणि एकदम विमानतळाचा टॉवर. परत आत येतो तेव्हा रिक खिडकीशी सिगरेट ओढतोय. आई म्हणते ते नुसते बोलत होते, मी म्हणते शक्यच नाही, आमचा हा वाद प्रत्येक वेळी होतो.

---

दिग्दर्शक विल्यम वायलरने द चिल्ड्रन्स अवर या एकाच नाटकावर दोनदा सिनेमा केलाय. मूळ नाटकात दोन शिक्षिकांच्या आपसातल्या संबंधांची अफवा आहे, १९३६ च्या दीज थ्री मध्ये ती अफवा बदलून एकीचं दुसरीच्या होणाऱ्या नवऱ्याशी लफडं करून टाकलं. १९६१ मध्ये मूळ गोष्ट आली, पण तरी अफवा पसरवणारी विद्यार्थिनी गाडीत आजीच्या कानात जे सांगते ते आपल्याला ऐकूच येत नाही, फक्त आजीचा चेहरा. सेटवरसुद्धा आम्ही या विषयावर कधी बोललो नाही असं त्यातल्या एका शिक्षिकेचं काम करणाऱ्या शर्ली मॅक्लेनने नंतर सांगितलंय. मला ते फार लागलं.

---

वरचं सगळं पटलं, पण मला या गप्प बसण्याचा रागही येतो. कॅट ऑन अ हॉट टिन रूफ (१९५८) बघा, ब्रिक एवढा का पितो, त्याचा मेलेला मित्र स्किपर त्याचा नक्की कोण होता, नाटकात हीच तर जखम आहे आणि सिनेमाने ती जवळजवळ पुसून टाकली. नाटककार टेनेसी विल्यम्सलाही सिनेमा आवडला नव्हता. ब्रिक झालेला पॉल न्यूमन डोळ्यांनी सांगतो तेवढं सांगतो, बाकीच्यासाठी नाटक वाचा, प्लीज.