मदत हवी आहे: लॉन मोअरच्या इंजिनाचा बोल्ट नुसताच फिरतोय, आटे गेलेत

तणकट
पेट्रोलवर चालणारा सेकंडहँड लॉन मोअर आहे. इंजिनाचा एक बोल्ट घट्टच होत नाही, नुसता गोल फिरतो. आटे गेलेत हे कळतंय. नवीन बोल्ट आणून लावला, तोही तसाच. सोसायटीचं गवत पोटरीपर्यंत आलंय आणि शनिवारी कापायचंय. मुंबईत हे काम कोण करून देईल, किंवा घरी काय करता येईल? जरा लवकर सांगा.

अडीचसूत
कुठला बोल्ट? हेडचा (सिलिंडरच्या वरच्या झाकणाचा), सायलेन्सरचा, कार्बोरेटरचा की तेल काढायचा? प्रत्येकाचा इलाज वेगळा. इंजिन कोणत्या कंपनीचं, मॉडेल नंबर काय? भोक आरपार आहे की बंद? जुना बोल्ट काढला तेव्हा त्याच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमची तार अडकलेली होती का?

मुलुंड_पूर्व
एवढं कशाला? भोकात एमसील भरा, बोल्टला ग्रीस लावून आत बसवा, चोवीस तासांनी बोल्ट फिरवून बाहेर काढा. आटे आपोआप पडतात.

लेथवाला
एमसील पाण्याच्या पाइपाला ठीक. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या डोक्यावर ते टिकत नाही, तापलं की सोडतं. वर त्या भोकात पुढे काही करायचं म्हटलं की आधी ते कोरून काढायचं काम. करू नका.

सरळ एक साइज वर जा. ८.५ मिमी ड्रिल, एम१० चा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार), एम१० चा म्हणजे १० मिमी जाडीचा बोल्ट. अर्ध्या तासाचं काम.

अडीचसूत
लेथवाले, बोल्ट कुठला ते अजून त्यांनी सांगितलेलंच नाही. हेडचा असला तर एम१० साठी हेडचं भोकही मोठं करावं लागेल आणि गॅस्केटचंही (हेडखाली हवा अडवायला असतं ते).

तणकट
हेडचाच. बाजूने फस् फस् हवा जात होती म्हणून गॅस्केट बदललं. वर ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन लिहिलंय, नंबर ९२ ने सुरू होतो. भोकात तार घातली तर खाली टेकते, म्हणजे बंद असावं. १३ चा पाना लागतो, म्हणजे एम८ ना? दुकानातून एम८च आणलाय.

अडीचसूत
हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं.

९२ वालं म्हणजे ९ घन इंचाचं, साधारण १४८ सीसीचं, साइड व्हॉल्व्हचं जुनं इंजिन. त्याचे हेडचे ८ बोल्ट एम८ नसतात, ५/१६ इंच यूएनसी (अमेरिकन इंची माप) असतात, म्हणजे एका इंचात १८ आटे. त्यांना पाना अर्ध्या इंचाचा, १२.७ मिमी. म्हणून १३ चा 'चालतो'. आता सांगा, तो १३ चा पाना आठही बोल्टांवर गच्च बसतो की कुठे किंचित हलतो?

तणकट
पान्याचा काय संबंध? मी भोकाचं विचारतोय.

कुंडीतली_तुळस
पोटरीएवढं गवत एका झटक्यात बुडापर्यंत कापू नका, पिवळं पडतं. एका वेळी एक तृतीयांशच उतरवा. आणि ओल्या गवतावर ब्लेड बोथट असेल तर पात्याची टोकं फाटतात. ब्लेडला धार लावलीत का?

लेथवाला
पान्याचाच संबंध आहे हो. ५/१६ म्हणजे ७.९४ मिमी, एम८ म्हणजे ८. हाताला फरक कळत नाही. पण एकाची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.४१ मिमी, दुसऱ्याची १.२५. एम८ त्या भोकात दोन-तीन फेरे गोडीत जातो, मग अडतो. तिथे माणूस पाना लांब करून जोर लावतो. बोल्ट पोलादाचा, भोक अ‍ॅल्युमिनियमचं, तेव्हा हरणार कोण ते उघड आहे.

तणकट
बघितलं. सहा बोल्टांवर पाना जरा हलतो. दोनांवर गच्च बसतो. त्यातला एक मी आणलेला. दुसरा विकत घेतला तेव्हापासूनच आहे.

अडीचसूत
म्हणजे तुमच्या आधीही कुणीतरी तेच केलंय. तो दुसरा आत्ता धरून असेल, पण अर्ध्या आट्यांवर. दोन्ही भोकं करायची असं धरून चाला.

खात्री करायची तर पिच गेज नसला तरी चालेल. बोल्टवर पट्टी ठेवून अर्ध्या इंचातले आटे मोजा. नऊ भरले तर ५/१६, दहा भरले तर एम८. किंवा दोन बोल्ट एकमेकांना आडवे टेकवून उजेडासमोर धरा. दात दातात बसले तर एकच पिच, मधून उजेड दिसला तर वेगळी.

आणि आठही बोल्ट एका लांबीचे नाहीत ना? या इंजिनांत सहसा नसतात. छोटा बोल्ट लांबाच्या जागी गेला तर मोजक्या आट्यांवर सगळा ताण येतो. लांब बोल्ट छोट्याच्या जागी गेला तर तो बुडाला टेकतो, हाताला घट्ट लागतो, पण हेड दाबलंच जात नाही. पुठ्ठ्यावर हेडचा आकार काढा आणि प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी टोचून ठेवा.

मुलुंड_पूर्व
मग बॅटरीवालाच मोअर का घेत नाही? ना पेट्रोल, ना आटे. तसंही आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, ते या जुन्या इंजिनांचं रबर खातं.

लेथवाला
ई२० चा मुद्दा खरा आहे, ब्रिग्जवाले १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल म्हणतात. काम झालं की टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा. पण इथे बोल्टाचं चाललंय.

अडीचसूत
यावर हेलिकॉइल हाच उपाय. स्टेनलेसच्या तारेचं स्प्रिंगसारखं वेटोळं असतं. भोक मोठं करून त्यात खास टॅपने आटे पाडायचे आणि ते वेटोळं आत फिरवायचं. आतून पुन्हा मूळ मापाचे आटे मिळतात, तेही पोलादाचे.

लेथवाला
हेलिकॉइलचं फार कौतुक होतं बुवा. त्या टॅपचा बाहेरचा व्यासही पावणेदहा मिमीच्या आसपास असतो. ब्लॉकमधलं मटेरियल एम१० इतकंच जातं.

अडीचसूत
जातं, मान्य. पण हेड आणि गॅस्केटला हात लावावा लागत नाही, बोल्ट तोच राहतो, टॉर्क (आवळायचा जोर) तोच राहतो. एम१० लावलात तर एका कोपऱ्यात जाड बोल्ट, बाकी सात बारीक. कुणीतरी त्याला एम१० च्या हिशेबाने आवळणार आणि हेड वाकणार. तुम्हाला लेथवरच करायचं असेल तर स्टेप स्टड (दोन जाडींचा आटेवाला दांडा) करा, खाली एम१०, वर ५/१६. ते मला पटेल.

लेथवाला
स्टेप स्टडला माझी ना नाही. पण मग एम८ चं हेलिकॉइल का नको? दोघांनाही ड्रिल ८.३ ते ८.४ मिमीचाच लागतो, आणि एम८ चं किट मोटरसायकलवाल्यांमुळे कुठेही मिळतं. ५/१६ चं शोधत बसावं लागेल. बोल्टही आणलेलाच आहे.

अडीचसूत
चालेल, ताकदीत काही फरक नाही. माझा आक्षेप एवढाच की हे घोटाळ्याचं मूळच मिसळलेले बोल्ट आहेत. करायचंच तर दोन्ही भोकं एम८ करा आणि हेडवर त्या दोन भोकांशेजारी पंचाने ठळक खूण करा.

तणकट
भांडण नंतर. मिळतं कुठे आणि करायचं कसं?

लेथवाला
मशीद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीट. टॅप-डायची दुकानं ओळीने आहेत. रविवार टाळा. ५/१६ मागताना 'यूएनसी, १८ आटे' असं कागदावर लिहून न्या. नुसतं 'अडीच सूत' (म्हणजे ५/१६ इंच) म्हणालात तर बीएसडब्ल्यूचा, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचा, टॅप हातात पडू शकतो. त्यातही इंचाला १८ च आटे, पण कोन ५५ अंशाचा, यूएनसीचा ६०. बोल्ट जातो, पण आट्याचा पूर्ण पृष्ठभाग टेकत नाही. इन्सर्ट (म्हणजे ती वेटोळी) बोल्टच्या दीड व्यास लांबीचे घ्या, साधारण १२ मिमी. दोन लागतील, चार आणा. एखादं वाकडं जातंच.

अडीचसूत
करण्याची रीत. आधी प्लगची वायर काढून बाजूला बांधा.

हेड उतरवा. पिस्टन वर आणा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या स्थितीत. या इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच असतात, उघडा राहिला तर भुगा थेट आत. पिस्टनच्या कडेने ग्रीस फिरवा, वर फडकं दाबा.

भोकाची खोली तारेने मोजून ड्रिलवर टेप गुंडाळा, बुडाला भोसकायचं नाही. इथे फक्त उरलेले आटे खरवडायचे असतात, त्यामुळे ड्रिल मशीन जोरात चालवली की अ‍ॅल्युमिनियम ड्रिलला झटकन आत ओढतं आणि भोक तिरकं होतं. टॅपच्या हँडलमध्ये ड्रिल धरून हातानेच फिरवला तरी होतं. शेजारी गुण्या उभा ठेवा, दोन बाजूंनी बघा.

टॅपला रॉकेल लावा, खाचांत ग्रीस भरा म्हणजे भुगा त्यात चिकटतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. बंद भोक आहे, तेव्हा दोनदा बाहेर काढून पुसा. जड लागला की जोर नाही, बाहेर. त्यात टॅप तुटला तर आटे गेले होते तेच बरं होतं असं वाटेल.

भोक ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडं करा. इन्सर्ट फिरवत पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली न्या. वर राहिलं तर गॅस्केट बसणार नाही. फिरवताना खाली दाबू नका, वेटोळं एक आटा उडी मारतं. मग खालची शेपटी पंचाने एका ठोक्यात तोडा आणि लांब चिमट्याला ग्रीस लावून बाहेर काढा. चुंबकावर भरवसा नको, स्टेनलेस आहे.

मुलुंड_पूर्व
गॅस्केटला दोन्हीकडून शेलॅक लावा. आणि बोल्टला लाल लॉकटाइट (आटे चिकटवणारा गोंद).

अडीचसूत
दोन्ही नको. या गॅस्केटला सीलर लावायचा नसतो. लाल लॉकटाइट लावलंत तर पुढच्या वेळी बोल्टाबरोबर हेलिकॉइलही बाहेर येईल. आट्यांना थोडं ग्रॅफाइट ग्रीस, बस. आपल्या खाऱ्या हवेत पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना धरून बसतात, त्यालाही तेच औषध.

गॅस्केट नवीन घ्या, एकदा दबलेलं परत वापरू नका. हेड काचेवर उपडं ठेवून कडेने फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा. एक बोल्ट सैल असताना चाललंय, वाकलेलं असू शकतं. थोडंच असेल तर काचेवर पॉलिश पेपर चिकटवून घासता येतं.

टॉर्क १४० इंच-पौंड, म्हणजे सुमारे १६ न्यूटन-मीटर. तीन टप्प्यांत, ६, ११, १६, समोरासमोरचे बोल्ट घेत. गाडीच्या चाकाचा टॉर्क रेंच इथे निरुपयोगी, त्याची सुरुवातच बहुतेक ४० पासून होते.

तणकट
५/१६ चं किट मिळालं, तिसऱ्या दुकानात. पहिल्याने खरंच बीएसडब्ल्यूचंच काढून दिलं होतं. एक भोक झालं. दुसऱ्याचे आटे अजून शाबूत दिसतायत, तिथे मूळ मापाचा बोल्ट हाताने सरळ जातोय. तरी करू का?

लेथवाला
हाताने किती फेरे जातो? शेवटपर्यंत?

तणकट
चार. मग जड.

अडीचसूत
करा. जड लागतंय तिथूनच एम८ ने वाट बदललेली आहे.

तणकट
केलं. आठही बोल्टांनी १६ धरलं. चालू करून दहा मिनिटं ठेवलं, कडेने साबणाचं पाणी टाकलं, बुडबुडे नाहीत.

कुंडीतली_तुळस
आणि ब्लेडला धार?

बोरिवली_पश्चिम
इथेच विचारतो. माझ्या मोअरच्या ब्लेडचा बोल्टही नुसता फिरतोय. काय करू?

अडीचसूत
कोणता मोअर? इंजिन कुठलं? नवीन धागा काढा, आणि नंबर पहिल्या ओळीत लिहा.