हिंजवडीच्या मोठ्या आयटी कंपनीत आतून कसं असतंय? ऑफर आलीय, खरं काय ते सांगा

राजारामपुरी_कोडर:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे, सगळे मिळून वीसेक जण असू. साखर कारखाने आणि पतसंस्थांची कामं करतो, पीएचपी जास्त आणि आता थोडं नोड. तीन वर्षं झाली, हातात ३४ हजार येतात. घरातनं गाडीवर दहा मिनिटांत ऑफिस, दुपारी डबा, संध्याकाळी सातला घरी. आता हिंजवडीतल्या एका मोठ्या कंपनीची ऑफर आलीय, वर्षाला ७.२ लाखांचं पॅकेज, नाव सांगत नाही पण सगळ्यांना माहिती असलेली आहे. पप्पा म्हणतात डोळे झाकून जा, मम्मी गप्प आहे. नेटवर रिव्ह्यू वाचत बसलो तर डोकं फिरलं, एकानं ५ स्टार देऊन लिहिलंय काम निवांत माणसं चांगली आणि त्याच्याच खाली दुसऱ्यानं १ स्टार देऊन शिव्या घातल्यात, कंपनी तीच शहर तेच. मग खरं कोण? आत काम करणाऱ्यांनी सांगा, तुम्हाला स्वतःला काय वाटतं. एचआरसारखं गोड नको.

शिरोली_ते_माण:
दोघंपण खरं बोलायलेत भावा. लाखो माणसं असलेली कंपनी म्हणजे एक ऑफिस नसतंय, तुला कंपनी मिळत नाही, तुला अकाउंट म्हणजे एका क्लायंटचं काम मिळतंय आणि एक मॅनेजर मिळतोय. माझा डिप्लोमाचा दोस्त आणि मी एकाच कंपनीत, बिल्डिंगपण एकच. तो युरोपच्या क्लायंटवर, सहा-साडेसहाला बॅग उचलून जिमला जातंय येडं. मी अमेरिकन बँकेच्या सपोर्टवर. माझा दिवस दुपारनंतर सुरू होतो आणि संध्याकाळी साडेसातला स्टेटस कॉल लागतो तो नऊपर्यंत चालतो, त्यात माझा नंबर आला की मी म्हणायचं 'नो ब्लॉकर्स फ्रॉम माय साइड', म्हणजे माझं काम कुठं अडलेलं नाही, आणि परत म्यूट. बाकीचा दीड तास दुसऱ्यांचे ब्लॉकर्स ऐकायचे. मधेच आईचा फोन येतो जेवलास काय म्हणून, तो कट करायचा. त्याला रिव्ह्यू लिहायला सांगितला तर तो ५ देईल आणि मी महिन्याचा कुठला आठवडा चाललाय त्यावर देईन, रोटेशनमधे रात्रीचा सपोर्ट माझ्याकडं असला की १ पण देणार नाही.

तेव्हा कंपनी कशी आहे हे विचारू नको, अकाउंट कुठलं, क्लायंट कुठल्या देशातला, डेव्हलपमेंट आहे का सपोर्ट, एवढं विचार. एचआर म्हणणार जॉइन झाल्यावर कळेल. मग ज्यानं तुझा टेक्निकल इंटरव्ह्यू घेतला त्याला लिंक्डइनवर गाठ, तो माणूस बहुतेक वेळा त्याच प्रोजेक्टचा असतो.

पेठेतला_पैलवान:
हिंजवडी म्हटलं की आधी वाकडच्या पुलाखालचं ट्रॅफिक बघून ये मर्दा, मग सही कर 😂

हिशेबी_माणूस:
७.२ ऐकून घरातले खुश असतील पण हातात काय येतंय ते बघ की आधी. ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावर तक्ता असतोय तो काढ. १० टक्के व्हेरिएबल म्हणजे कामगिरीवर मिळणारा हिस्सा धरला तर ७२ हजार बाजूलाच गेले, ते मिळतीलच असं नाही, तिमाही कशी गेली आणि तुला रेटिंग काय पडलं त्यावर. कंपनीच्या वाट्याचा पीएफ पण तुझ्याच पॅकेजमधे मोजलेला असतो, १८०० ची मर्यादा लावली असेल तर वर्षाला २१,६००. मग ग्रॅच्युइटी, बेसिक निम्मं धरलं तर साडेसतरा हजारांच्या आत-बाहेर, आणि ती परमनंट माणसाला पाच वर्षं राहिल्यावरच मिळते, मधे सोडलंस तर विसर. इन्शुरन्सचा हप्ता नऊ-दहा हजार. उरले साधारण ६ लाख, म्हणजे महिन्याला ५०. त्यातनं तुझा पीएफ १८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की ४८ हजार. इन्कम टॅक्सचं टेन्शन नको, नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत काही लागत नाही.

आता वाकडला दोघा-तिघांत फ्लॅट घेतलास तरी भाडं, मेस, गाडीचं पेट्रोल आणि शनिवार-रविवारी कोल्हापूर, ह्यात वीस-बावीस हजार सहज जातात. सातारा-कागल सहापदरीचं काम चालू असल्यानं हायवेला किती तास जाणार ते वेगळंच. म्हणजे हातात उरायचे २६, आणि आत्ता घरी राहून ३४ मधले किती उरतात तुला? पैशासाठी जात असलास तर पहिल्या दोन वर्षांत फायदा दिसणार नाही, तिथनं दुसरीकडं उडी मारलीस की दिसतोय. सगळे त्यासाठीच जातात, तोंडावर कोण बोलत नाही एवढंच.

मंगळवारपेठ_ताई:
सगळे दादा लोक फक्त कॉल आणि ट्रॅफिकवर बोलायलेत म्हणून मी लिहिते. मी आधी कोल्हापुरातच एका लहान कंपनीत होते, नंतर पुण्यात मोठ्या कंपनीत, आता बरीच वर्षं झाली. मोठ्या कंपनीबद्दल माझ्या मनात माया वगैरे काही नाही पण तिथं मागावं लागत नाही. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा २०१७ पासून कायद्यानंच आहे आणि कायदा दहा माणसांच्या ऑफिसलाही लागू आहे, पण लहान ठिकाणी ती मागताना सरांच्या केबिनमधे जाऊन उभं राहायचं आणि सरांचा चेहरा बघायचा. इथं पोर्टलवर तारखा टाकल्या, मॅनेजरला मेल गेला, विषय संपला. पाळणाघर आहे, उशीर झाला तर कॅब घरापर्यंत सोडते आणि सोबत गार्ड असतो. बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा कंपनीच्या इन्शुरन्समधे आईवडील होते, म्हणून कॅशलेस झालं. ऑफर लेटरमधे आईवडील कव्हर होतात का आणि त्यांचा हप्ता कोण भरतं हे नक्की बघ, काही ठिकाणी तो तुझ्या पगारातनं कापतात.

आवडत नाही ते पण सांगते. वर्षाच्या शेवटी सेल्फ अप्रेझलचा फॉर्म भरायचा असतो, मी काय काय दिवे लावले ते इंग्रजीत फुलवून. जी मुलगी रात्री जागून क्लायंटची चालू सिस्टीम वाचवते तिला 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स' आणि जो छान स्लाइड करतो तो वर. तुझ्या आत्ताच्या ऑफिसात सरांना नुसतं बघून कळत असेल कोण काम करतंय. इथं लिहून दाखवलं नाहीस तर ते झालंच नाही असं धरतात.

बंगळुरात_कोल्हापुरी:
हे सगळं सर्व्हिस कंपन्यांचं, म्हणजे क्लायंटची कामं करणाऱ्यांचं झालं. मी प्रॉडक्टवाल्या म्हणजे स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या परदेशी कंपनीत आहे, इथं पैसा लई भारी पण त्यातला मोठा हिस्सा शेअर्समधे आणि ते एकदम हातात येत नाहीत. अॅमेझॉनचं तर प्रसिद्धच आहे, पहिल्या वर्षी ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १५, मग ४० आणि ४०, म्हणजे दोन वर्षांत कंटाळून सुटलास तर मलई मागंच राहिली. आणि भारी कंपनी म्हणजे नोकरी पक्की असं काही नाही, २०२२ च्या नोव्हेंबरात मेटानं ११ हजारांच्या वर आणि २०२३ च्या जानेवारीत गुगलनं १२ हजार काढले तेव्हा चांगलं रेटिंग असलेले पण त्यात होते. लोकांना कंपनीचा राग पगारावरनं येत नाही, सकाळी लॅपटॉप उघडला आणि लॉगिनच झालं नाही, असं कळतं त्याचा येतो. माझ्या टीममधे तेव्हापासनं सगळे निवांत दाखवतात पण रिझ्युमे प्रत्येकाचा अपडेटेड.

शिरोली_ते_माण:
@बंगळुरात_कोल्हापुरी आपल्याकडं पण तेच आलंय की. टीसीएसनं २०२५ च्या जूनमधे नियम काढला, वर्षात २२५ दिवस बिलेबल म्हणजे क्लायंटकडनं पैसे मिळणाऱ्या कामावर पाहिजे आणि बेंच म्हणजे प्रोजेक्टशिवाय बसणं ३५ दिवसांच्या आत. जुलैत म्हणाले साधारण १२ हजार माणसं कमी करणार, २ टक्के, जास्त करून मधले आणि वरचे. पूर्वी बेंच म्हणजे कॅन्टीनमधे बसून पगार असं होतं, ते दिवस गेले. तीन वर्षांच्या पोराला अजून डिमांड आहे, धाप लागलीय ती पंधरा वर्षं झालेल्या नुसतं मॅनेज करणाऱ्यांना.

राजारामपुरी_कोडर:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, हिशेब करून बघितला, हातात ४७,९०० बसतात 😅 टेक्निकल इंटरव्ह्यूवाल्याला मेसेज टाकला, त्यानं सरळ सांगितलं अमेरिकन रिटेल क्लायंट आहे, डेव्हलपमेंट ७० टक्के, कॉल रात्री साडेनवाला संपतात. मला एकच गोष्ट खटकतेय. आत्ता गळीत हंगामात कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर अडकलं की काट्यावरनं मला डायरेक्ट फोन येतो, रात्री बारा असूदे नाहीतर दोन, मागं ट्रॅक्टरची रांग लागलेली ऐकू येते फोनवर आणि मी घरातनं दुरुस्त केलं की रांग हलते. तिथं असं काही असेल काय?

हिशेबी_माणूस:
आणि त्या रात्री दोनच्या फोनचे तुला किती मिळतात?

राजारामपुरी_कोडर:
काय नाही. कारखान्याच्या चिटबॉयनं दिवाळीला काकवीचा डबा पाठवला होता.

मंगळवारपेठ_ताई:
तिथं असा फोन येणार नाही, तिकीट म्हणजे सिस्टीमवर तक्रारीची नोंद येईल आणि ते तिकीट कुणामुळं अडलंय हे तुला कधी कळणार पण नाही. काहींना तेच बरं वाटतं. तुला नाही वाटणार असं तुझ्या लिहिण्यावरनं दिसतंय, तरी पण मी म्हणेन जा. फक्त सही करायच्या आधी नोटीस पिरियड बघ. ९० दिवस लिहिलं असेल तर बायआउट म्हणजे पैसे भरून लवकर सुटायची सोय आहे का विचार आणि उत्तर मेलवर घे, फोनवर नको. आणि आत्ताच्या सरांना आधी सांग, रिलिव्हिंग लेटरशिवाय तिकडं जॉइन करून घेत नाहीत.

पेठेतला_पैलवान:
हंगाम संपल्याशिवाय सर सोडतात काय ह्याला, जॉइनिंग एप्रिलची मागून घे.