जाहिरातींचं कोलाज: कागद फुगतो आणि टीकाही पोचत नाही

रंगरेषा: सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिराती मासिकांतून कापून ४० × ५० सेंमीचं कोलाज करायचं आहे. चकचकीत कागद पांढऱ्या डिंकाने चिकटवला की फुगे येतात, पुठ्ठाही वाकतो. शिवाय तयार झालेलं चित्र टीका न वाटता आणखी एक देखणी जाहिरातच वाटतं. काय चुकतंय?

कातरकाम: फुग्यांचं मूळ डिंकातल्या पाण्यात आहे. कागदाचे तंतू ओले होऊन फुगतात, कागद पसरतो. तो पसरायच्या आत कडा पकडल्या गेल्या की मधला भाग उचलला जातो. डिंकात वर पाणी घालू नका. पातळ थर द्या, मिनिटभर थांबा, मग कात्रण ठेवून मधून कडांकडे हवा काढा. वर बटर पेपर, त्यावर वजन, रात्रभर.

पुठ्ठा वाकतो कारण सुकणारा कागद आक्रसून त्याला एकाच बाजूने ओढतो. पाठीमागेही तसाच कागद चिकटवा, ओढ सारखी होते. पातळ पानातून मागची छपाई दिसत असेल तर खाली काळा कागद घाला.

उलटी_नजर: दुसरा प्रश्न डिंकाने सुटणार नाही. चेहरा अख्खा ठेवलात की नजर तिथेच खिळते. जाहिरात त्यासाठीच तर रचलेली असते! अमेरिकन कलाकार मार्था रोस्लर यांनी १९६६ ते १९७२ या काळातल्या एका मालिकेत मासिकांतल्या बायकांच्या शरीराचे तुकडे स्वयंपाकघरातल्या उपकरणांवर बसवले. तसं करायचं तर आकाराचं प्रमाण आणि उजेडाची दिशा जुळवा. सांधा आधी खरा वाटला पाहिजे, खटकायला त्यानंतर हवा. उजेड उलट बाजूने येत असेल तर कात्रण स्कॅन करून आरशातल्यासारखं फिरवून छापा.

रंगरेषा: वर लाल पट्टीत पांढरी अक्षरं टाकली तर?

कातरकाम: नकोच. ती अमेरिकन कलाकार बार्बरा क्रूगर यांची ओळख आहे, त्यांचं 'मी खरेदी करते म्हणून मी आहे' हे चित्र १९८७ सालचं. त्यापेक्षा जाहिरातीतलेच शब्द कापा: 'डागविरहित' हा शब्द फ्रीजच्या दारावर बसवून बघा.

उलटी_नजर: आणि स्कॅन ६०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ६०० बिंदू) करा. कमी ठेवलंत तर छपाईचे ठिपके आणि स्कॅनरची जाळी एकमेकांत अडकून लाटांसारखी नक्षी उमटते. छपाईचे ठिपके पुसणारी स्कॅनरची 'डीस्क्रीन' ही सोय मात्र बंदच ठेवा. दुप्पट मोठं छापलं की गालावरचे ठिपके दिसतात, आणि ती नितळ त्वचा नुसती शाई आहे हे उघडं पडतं.