मदत हवी आहे: मनगटाच्या ऑपरेशननंतर पिळता येत नाही, आणि त्यामुळे बुरशीचा रंग लडीवर डागाळतोय

लडीवाली:

नमस्कार मंडळी. डाव्या हाताने टंकतेय, चुका पोटात घाला.

एप्रिलच्या शेवटी मोरीत साबणाच्या पाण्यावर घसरले आणि उजवा तळहात टेकून पडले. मनगटाशी रेडियसचं (अंगठ्याच्या बाजूचं) हाड मोडलं. तिसऱ्या दिवशी प्लेट आणि स्क्रू बसले. आज ११ आठवडे झाले. सर्जन एक्स-रे दिव्यासमोर धरून म्हणाले, "सुंदर जुळलंय!" ते मलाही दिसतं. कप उचलते, पोळ्या लाटते, वेणी घालते. पण ओलं फडकं काही पिळता येत नाही. जोर लावला की करंगळीच्या बाजूला कळ येते आणि मूठ आपोआप सुटते.

फिजिओबाईंनी ३० प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. त्याला डॅश म्हणतात. ० आकडा आला तर काहीच त्रास नाही, १०० आला तर हात जवळजवळ निकामी. घट्ट झाकण उघडता येतं का, किल्ली फिरते का, जड दार ढकलता येतं का, असले प्रश्न. माझा आकडा २६. त्या म्हणाल्या, छान प्रगती आहे. पण यादीत पिळण्याचा प्रश्नच नाही, आणि माझं पोट पिळण्यावर आहे. पकड मोजली तर उजव्या हाताची ११ किलो, डाव्याची २४.

मी लोकरीच्या आणि रेशमाच्या लडी रंगवते. कोथरूडला, गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मंजिष्ठा, डाळिंबाची सालं, हिरडा हे नेहमीचं. दोन वर्षांपासून भाचीच्या नादाने (ती मायक्रोबायॉलॉजी शिकते) मोनॅस्कस नावाच्या बुरशीचा लाल रंगही करते. भातावर वाढवायची, वाळवायची, रंग काढायचा. चीनमध्ये असा लाल तांदूळ शतकानुशतकं करतात. आधी हौसेने आंबेमोहोर घेतला, तो चिकटून गोळा झाला, मधे हवाच जाईना. आता कोलम अर्धवट शिजवून, कुकरमध्ये निर्जंतुक करून घेतो. दहा-बारा दिवसांत दाणा आतपर्यंत लाल होतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हा दोन्ही हात धड होते.

अडचण अशी की पिळता येत नाही म्हणून लडी तशाच निथळत टांगते. जुलैची हवा, दोन दोन दिवस वाळत नाहीत. वरचं टोक नारिंगी, खालचं टोक गडद लाल, आणि परवा एका लडीवर हिरवट बुरशीचे ठिपके आले. बुरशीवर बुरशी! ऑर्डर ऑगस्टअखेरची आहे.

प्रश्न दोन. पिळण्याएवढी ताकद कुणाची परत आली आहे का, आणि किती दिवसांत? आणि तोवर लडी एकसारख्या रंगवायच्या कशा?

ता.क. अंगठा वाकवताना मनगटापाशी कट्-कट् वाजतं. फिजिओबाईंना सांगायचं राहून गेलं.

खडूस पेठकर:

बुरशीचा रंग? आमच्याकडे पावसाळ्यात पावाला फुकट येतो. लाल ठिपके हवेत की हिरवे?

आईसाहेबांचा मुलगा:

वरच्यांना सोडून द्या, ताई. माझ्या आईचं कार्पल टनेलचं (मनगटात नस दाबली जाते त्याचं) ऑपरेशन झालं होतं, तुमच्यापेक्षा वेगळं, पण हात बरा होण्याच्या गोष्टी सारख्याच. रात्रीच्या मुंग्या आठवड्यात गेल्या आणि सगळे खूश. तळहाताच्या बुडाशी दाब पडला की दुखणं मात्र चार महिने राहिलं, उंबरठा पुसायला हात टेकता येत नसे. अंगठ्याखालचा मांसल भाग आधीच वाळला होता, तो भरलाच नाही. डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं, आम्हीच ऐकलं नव्हतं. आई अजून शर्टाच्या गुंड्या डाव्या हाताने लावते. विचारलं तर "बरा आहे हात" म्हणते.

अस्थिपंजर:

लडीवाली ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमचा हात पाहिलेला नाही, तेव्हा हे सल्ला म्हणून नको, डॉक्टरांना काय विचारायचं याची तयारी म्हणून घ्या.

सगळ्यात आधी ता.क. तुम्ही शेवटी लिहिलंत, पण मला तेच पहिलं दिसलं. मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूने प्लेट बसवतात, तिच्या कडेवरून अंगठ्याचं टोक वाकवणारा स्नायूबंध जातो. कड टोचत असेल तर तो घासत जातो, आणि घासून घासून तुटूही शकतो. कट्-कट् ही त्याची खूण असू शकते. असेलच असं नाही. पण पुढच्या तारखेची वाट पाहू नका, या आठवड्यात सर्जनना फोन करा, आणि तोवर पिळण्याचा सराव बंद. हाड जुळल्यावर अशी प्लेट काढूनही टाकता येते.

आता पिळणं. पकड हा त्याचा निम्माच भाग. एक हात पुढे वळतो, दुसरा मागे, म्हणजे हाताची दोन हाडं एकमेकांभोवती फिरावी लागतात, तीही मूठ घट्ट धरलेली असताना. तळहात आकाशाकडे वळवणं हे बऱ्याच जणांचं शेवटी सुटतं. उजव्या हातावर पाण्याची वाटी ठेवून, कोपर अंगाशी धरून, न सांडता ठेवता येते का बघा. येत नसेल तर पकड वाढवून भागणार नाही, आधी ते वळण सोडवावं लागेल. ११ आठवड्यांना निम्मी पकड ही काळजीची गोष्ट नाही. ती वर्षभर हळूहळू वाढत राहते. मात्र बोटं सुजलेली, चकचकीत, घामट राहिली, आग होत राहिली, तर लगेच दाखवा.

आणि एक विचारू का? वय पन्नाशीच्या पुढे असेल आणि उभ्या उभ्या घसरून मनगट मोडलं असेल, तर हाडांची घनता तपासली का? डेक्सा म्हणतात. मनगटाचं हाड मोडणं हा बऱ्याचदा पहिला इशारा असतो. हात बरा झाला की ते विसरून जातं.

लडीवाली:

५३. तपासलं नाही, कुणी सुचवलंही नाही. वाटीचा प्रयोग आत्ता केला. लादी पुसून आले.

बुरशीवाला:

अस्थिपंजरांनी हात घेतला, मी रंग घेतो.

मोनॅस्कसमध्ये पिवळी, नारिंगी आणि लाल अशी तिन्ही रंगद्रव्यं असतात. नारिंगीची गंमत अशी की तिला अमिनो गट (नायट्रोजनवाला अणूंचा गट, अजिनोमोटोतही असतो) भेटला की ती लाल होते. म्हणूनच वाढवताना काही जण अजिनोमोटो घालतात, लाली वाढते आणि रंग पाण्यात जास्त विरघळतो. लोकर आणि रेशीम ही प्रथिनंच, त्यांच्यात अमिनो गट असतातच. म्हणून तुमच्या लडी रंग धरतात, सुती कापड धरत नाही. माझा अंदाज असा की लड टांगली की रंगाचं पाणी खाली उतरतं आणि खालचं टोक उशिरापर्यंत ओलं राहतं. तिथे रंगही जास्त आणि ही क्रियाही जास्त वेळ चालते. म्हणजे डाग बुरशीचा नाही, निथळण्याचा आहे.

तेव्हा पिळूच नका. लड जाळीच्या पिशवीत घाला आणि सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या ड्रायरमध्ये दोन मिनिटं फिरवा. पाणी सगळीकडून सारखं निघतं, मनगट लागत नाही. मग आडव्या काठीवर टाकून तासातासाने लड फिरवत राहा, वर पंखा. पातळ लड असेल तर जाड पंचात गुंडाळून त्यावर पाय देऊन उभं राहिलात तरी चालतं.

हिरवे ठिपके आलेली लड वेगळी करा, ती हवेतून आलेली दुसरीच बुरशी आहे. आणि हातमोजे घाला, विशेषतः ऑपरेशनची खूण अजून नाजूक असताना. या बुरशीच्या काही जाती सिट्रिनिन नावाचं विष करतात, ते मूत्रपिंडाला वाईट. तो भात घरात कुणी चाखू नये, कुकरही स्वयंपाकाचा वापरू नये. कुकर वेगळा आहे ना?

गिऱ्हाइकाला एक सांगून ठेवा, हा रंग उन्हात उडतो. खिडकीतल्या पडद्याला देऊ नका.

पेठकर, पावावर किंवा इडलीच्या पिठावर रक्तासारखे लाल ठिपके दिसले तर ते बहुधा बुरशीचे नसतात, सेरेशिया नावाच्या जिवाणूचे असतात. टाकून द्या, चाखून बघू नका.

खडूस पेठकर:

चाखलं नाही. बायकोने आधीच टाकलं.

भाचीला एक सांगा, आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि पाषाणला एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) औद्योगिक सूक्ष्मजीवांचा. कुठली जात वाढवताय ते कळलं तर सिट्रिनिनचंही कळेल. कॉलेजमार्फत विचारायला सांगा. मी आघारकरच्या मागच्या गल्लीत राहतो, एवढीच माझी पात्रता.

लडीवाली:

पेठकर, हा बहुधा तुमचा या वर्षातला पहिला उपयोगी प्रतिसाद. आभार.

कुकर वेगळाच आहे, त्यावर लाल रंगाने "रंग" लिहिलंय. नवऱ्याने त्यात एकदा बटाटे उकडले होते, मी ते त्याच्यासमोर फेकले.

सर्जनना फोन केला. अंगठ्याचं ऐकून त्यांनी शुक्रवारी बोलावलंय, सोनोग्राफी करू म्हणाले. त्यांचा आवाज "सुंदर जुळलंय" म्हणतानाचा नव्हता. डेक्साचंही विचारलं, चिठ्ठी देणार आहेत. वाटी अजून सांडते.

दोन लडी पंचात गुंडाळून, त्यावर उभी राहून पाहिल्या. चांगल्या निघाल्या, फक्त मधे पायाच्या आकाराचा फिकट पट्टा आलाय. हे माझं वजन की पंचा पुरेसा जाड नाही, ते कळेना. ड्रायरच बरा. कोथरूड, कर्वेनगर, वारजे भागात कुणाकडे जुन्या सेमी-ऑटोमॅटिकचा नुसता ड्रायर चालू स्थितीत पडून असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. उचलून न्यायला भाची येईल.